घोड्यांच्या वाटा आणि विजेची सायकल

अमेरिकेच्या ईशान्य टोंकाला मेन नांवाचें राज्य आहे आणि त्याच्या किनाऱ्याला लागून समुद्रांत माउंट डेझर्ट नांवाचें एक डोंगराळ बेट आहे. सन १६०४ मध्यें शाँप्लँ हा फ्रेंच दर्यावर्दी या बाजूनें गेला, तेव्हां खडकांचे उघडे माथे पाहून त्यानें या जागेला उजाड डोंगरांचें बेट असें नांव दिलें. माथे उजाड असले तरी खालचीं रानें घनदाट आहेत, आणि त्या रानांत गोड्या पाण्याचीं मोठमोठीं तळीं आहेत. बेटाचा बराचसा भाग आज अकेडिया राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखला जातो. त्या उद्यानांतील कांहीं रस्त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. हे रस्ते मोटारींना टाळण्यासाठीं बांधले गेले, आणि शंभर वर्षांनंतर त्यांवरून विजेचें यंत्र लावलेल्या सायकली फिरूं लागल्या. ही गोष्ट घडली कशी, आणि ती घडावयास हवी होती काय, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या बेटावर उन्हाळ्यापुरते येऊन राहणाऱ्या धनिकांची वस्ती वाढली. बार हार्बर हें गांव त्यांचें मुख्य ठाणें. त्यांना येथील शांतता हवी होती. म्हणून मोटारगाड्या निघाल्या तेव्हां त्यांस बेटावर येऊं द्यावयाचें नाहीं, असा निर्बंध त्यांनीं घडवून आणला. परंतु असे निर्बंध फार दिवस टिकत नाहींत. सन १९१३ मध्यें बार हार्बरनें मोटारींस वाट दिली आणि १९१५ पर्यंत सारें बेट त्यांना मोकळें झालें.

जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनीं १९१० मध्यें या बेटावरील सील हार्बर येथें घर घेतलें होतें. यांच्या वडिलांची संपत्ति कशांतून आली हें आपणांस ठाऊकच आहे. स्टँडर्ड ऑइल या खनिज तेलाच्या प्रचंड कारभाराचे ते धनी. ज्या तेलावर जगांतील मोटारी धांवूं लागल्या, त्याच तेलाच्या पैशांतून मोटारींपासून दूर पळणारे रस्ते निघावे, हा योग मोठा विलक्षण खरा. धाकट्या रॉकफेलरांना घोडागाडी हांकण्याचा नाद होता, आणि रस्ते बांधण्याची विद्या ते वडिलांच्या जमिनींवर बालपणापासून पाहत आले होते. सन १९१३ मध्यें त्यांनीं स्वतःच्या जमिनींत पहिली वाट काढण्यास आरंभ केला आणि १९४० पर्यंत हें काम चालूं राहिलें. एकूण सुमारें ५७ मैलांच्या वाटा तयार झाल्या. त्यांपैकीं सुमारें ४५ मैल आज उद्यानांत आहेत.

हे रस्ते कसे बांधले तें थोडें विस्तारानें सांगण्याजोगें आहे. रुंदी सुमारें १६ फूट. खालीं मोठे दगड, त्यांवर लहान, त्यांवर बारीक, असे दगडांचे तीन थर देऊन वरचा भाग मधोमध फुगीर ठेवावयाचा, म्हणजे पावसाचें पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत निथळून जातें. दगड शक्यतों जवळच्याच खाणींतून काढावयाचा. घोड्यांना दम लागूं नये म्हणून चढ सौम्य ठेवला आहे. डोंगर फोडून सरळ वाट काढण्याऐवजीं डोंगराच्या कुशींतून वळत वळत जावयाचें, असा नियम होता. कड्याच्या बाजूला कठड्याऐवजीं ओबडधोबड ग्रॅनाइटचे मोठे धोंडे ओळीनें उभे केले आहेत. लोक त्यांस थट्टेनें 'रॉकफेलरचे दांत' म्हणतात. बांधकामानें उघड्या पडलेल्या जागा झाकण्यासाठीं बीट्रिक्स फॅरंड या नामांकित उद्यानकारिणीच्या सल्ल्यानें तेथलींच रानटी झुडपें लावण्यांत आलीं. ओढ्यांवर व रस्त्यांवर दगडी पूल आहेत. पहिला पूल १९१७ मधला, वाटोळ्या गुळगुळीत धोंड्यांचा. पुढचे घडीव ग्रॅनाइटचे. प्रत्येकाचा घाट निराळा आहे. रॉकफेलर स्वतः कामावर हजर राहून पाहणी करीत. पैसा देणारे धनिक पुष्कळ असतात. चर कोणत्या बाजूनें न्यावा याचा विचार करणारे थोडे.

या कामाला विरोध झाला नाहीं असें नाहीं. रानांत रस्ता आला कीं रान राहत नाहीं, अशी तक्रार उन्हाळी रहिवाशांपैकींच कांहींनीं केली, आणि १९२४ सालीं तो वाद वॉशिंग्टनपर्यंत जाऊन पोंचला. विरोधकांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. ज्या वाटांना आज आपण शांतीचें माहेर म्हणतों, त्यांनाच त्या काळीं कित्येकांनीं शांतीचा भंग म्हटलें होतें, हें पुढील मजकूर ऐकतांना ध्यानांत ठेवावें. रॉकफेलर मोटारींचे शत्रू होते अशीहि समजूत नको. उद्यानांतील मोटाररस्त्यालाहि त्यांनींच सढळ हातानें पैसा पुरविला. त्यांचें म्हणणें एवढेंच, कीं दोघांच्या वाटा वेगळ्या असाव्यात.

सन १९४७ च्या ऑक्टोबरांत या बेटावर मोठा वणवा पेटला आणि उद्यानांतील दहा हजार एकरांहून अधिक रान जळालें. जेथें काळपट सदाहरित वृक्ष होते, तेथें पुढें भूर्जाच्या जातीचीं व इतर पानगळीचीं झाडें उगवलीं. सन १९६० मध्यें रॉकफेलर वारले. देखरेख ढिली पडत गेली. चर बुजले, वाटा उखणल्या, झाडांनीं देखावे झांकले. पुढें १९९२ ते १९९५ या काळांत सरकारी पैसा आणि 'फ्रेंड्स ऑफ अकेडिया' या संस्थेचा निधि यांच्या साह्यानें त्यांचा जीर्णोद्धार झाला. तोंवर घोडागाड्या थोड्या उरल्या होत्या. वाटांचे खरे धनी आतां पादचारी आणि सायकलस्वार होते.

आतां विजेच्या सायकलीकडे वळूं. ही कल्पना नवी मुळींच नाहीं. ऑग्डन बोल्टन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें ३१ डिसेंबर १८९५ रोजीं अशा सायकलीचें पेटंट मिळविलें. तिच्या मागील चाकाच्या तुंब्यांतच विजेचें यंत्र बसविलें होतें, आणि १० व्होल्टच्या बॅटरींतून तें १०० अँपिअरपर्यंत प्रवाह घेईल असा हिशेब होता. म्हणजे कागदावर १,००० वॅट! दोन वर्षांनीं बोस्टनच्या होझिया लिबी यानें आणखी एक नमुना पुढें मांडला. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या जड, आणि पेट्रोलचें यंत्र दिवसेंदिवस स्वस्त होत चाललेलें. त्यामुळें हीं पेटंटें कपाटांतच राहिलीं. खरी सुधारणा १९९३ सालीं जपानांत झाली. यामाहा कारखान्यानें काढलेल्या सायकलींत स्वार पायानें किती जोर लावतो हें मोजून त्या प्रमाणांत यंत्र आपला जोर मिळवी. पाय थांबला कीं यंत्र थांबलें. पुढें लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या आल्या आणि ही सायकल जगभर पसरली.

ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस अमेरिकेच्या अंतर्गत खात्यानें राष्ट्रीय उद्यानांत अशा सायकलींना वाट देण्याचा हुकूम काढला. त्यानंतर अकेडियाच्या वाटांवर केवळ पहिल्या वर्गाच्या सायकलींना मुभा मिळाली. पहिला वर्ग म्हणजे पायडल मारल्याशिवाय जिचें यंत्र चालत नाहीं आणि ताशीं २० मैलांच्या वेगाला जिचें साह्य बंद पडतें, अशी सायकल. मुठीच्या कळीनें आपोआप धांवणाऱ्या गाड्यांना तेथें मज्जाव आहे.

हा निर्णय योग्य झाला काय? आपल्या माथेरानावरहि असाच प्रश्न उभा राहिला होता. तेथें मोटारींना बंदी. माणूस माणसाला रिक्षांत बसवून हातानें ओढीत असे. सन २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीनें तेथें विजेच्या रिक्षा प्रयोगादाखल चालूं लागल्या. तेथें निदान ओढणाऱ्याच्या छातीचा कळवळा हें सबळ कारण होतें. अकेडियांत कारण निराळें आहे. गुडघे थकलेल्या माणसाला, हृदयाच्या दुखण्यांतून उठलेल्याला, किंवा तरुण जोडीदाराच्या बरोबरीनें राहूं पाहणाऱ्या वृद्धेला डोंगराची ती वाट एरवीं बंदच होती. मोटारींवरचे मूळ आक्षेप धूर, गोंगाट, धूळ, बुजणारे घोडे आणि वेग हे होते. त्यांपैकीं धूर आणि गोंगाट या सायकलीला लागू पडत नाहींत. वेग मात्र लागू पडतो. माझ्या मतें पहिल्या वर्गापाशीं रेघ ओढली हें उत्तम केलें. कारण पायाचे श्रम उरले आहेत तोंवर स्वार वाटेवर असतो, केवळ वाटेवरून नेला जात नाहीं. तरीहि खरा धोका चढावर नसून उतारावर आहे. तेथें यंत्राचें कांहीं काम नसतें, पण गाडीचें वजन साध्या सायकलीहून बरेंच अधिक असतें आणि बारीक खडीवर ब्रेक एकदम दाबला तर चाक घसरतें.

या वाटांचा उत्तम काळ म्हणजे ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबरचा आरंभ. शाळा उघडलेल्या असतात, मुलांचा कलकलाट ओसरतो. समुद्रावरचें धुकें सकाळीं उशिरापर्यंत रेंगाळतें. वाटेच्या कडेला रानटी ब्लूबेरीचीं शेवटचीं फळें आणि सोनेरी तुऱ्यांचीं रानफुलें असतात. ईगल लेकभोंवतीं सुमारें सहा मैलांचा फेरा आहे. याच तळ्याचें पाणी बार हार्बर पितें, म्हणून त्यांत पोहण्यास बंदी आहे. ज्याला अधिक चढ हवा त्यानें डोंगराभोंवतालचा सुमारें अकरा मैलांचा फेरा घ्यावा. वाटेंत एकामागून एक पूल लागतात, आणि झाडांच्या फटींतून समुद्र दिसतो. नंतर जॉर्डन पाँडच्या कांठीं चहा आणि पॉपओव्हर नांवाचा पोकळ, फुगीर पाव खाण्याची शंभर वर्षांहून जुनी रीत आहे.

उद्यानाबाहेर खासगी जमिनींत ज्या वाटा उरल्या आहेत, तेथें मात्र कोणत्याहि सायकलीला प्रवेश नाहीं. विजेच्या नाहीं आणि साध्याहि नाहीं. आणि उद्यानांतल्या वाटांवर नियम असा आहे कीं सायकलस्वारानें सर्वांना वाट द्यावी, आणि घोडा समोर आला कीं पादचाऱ्यानेंहि बाजूला व्हावें.