उघडी वही, बंद वही : सोलापुरातील मिळकतीच्या नोंदींची राखण

सोलापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात घराचे खरेदीखत नोंदले की ते पुस्तक क्रमांक 1 मध्ये जाते. ठरलेली फी भरून ते पुस्तक कोणीही पाहू शकतो आणि नक्कलही मागू शकतो. त्याच टेबलावर मृत्युपत्र नोंदले तर ते पुस्तक क्रमांक 3 मध्ये जाते. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. त्याच्या मृत्यूनंतर ती कोणीही मागू शकतो, पण तेव्हाही पुस्तकात शोध घेण्याचा अधिकार फक्त निबंधकाचा असतो. ही विभागणी 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 57 मध्ये आहे. घेणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून मिळकतीची वही उघडी आणि घरात वितुष्ट येऊ नये म्हणून मृत्युपत्राची वही बंद, असा हा हिशेब आहे. माहिती संरक्षण हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी मिळकतीच्या कारभाराने हा प्रश्न हाताळला होता.

पेशवाईत अशी सरकारी वही नव्हती. गावचा जमिनीचा हिशेब कुलकर्णी ठेवी आणि परगण्याचा देशपांडे. कोणते शेत कोणाचे, मिरासदार कोण, उपरी कोण, सारा किती, हे थळझाड्यासारख्या कागदांत लिहिलेले असे. कागद मोडीत लिहून रुमालात बांधायचे आणि तो रुमाल कुलकर्ण्याच्या घरी राहायचा. कुलकर्णीपण वतन असल्याने दप्तरही बापाकडून मुलाकडे जाई. कोणाला नोंद दाखवायची, कोणाला नाही, हे बहुतांशी त्या घराच्या मर्जीवर चाले. ज्याचे शेत त्याला स्वतःचीच नोंद वाचता येत नसे. कागदावर सही म्हणून तो नांगराची निशाणी करी आणि शेजारी दुसऱ्याच्या हातचे अक्षर असे. माहिती सुरक्षित होती, पण ती ज्याची होती त्याच्यासाठी नव्हे.

1818 मध्ये सोलापूर इंग्रजांच्या ताब्यात गेले. ही दप्तरे वतनदारांच्या घरांतून बाहेर काढणे हे नव्या सत्तेचे मोठे काम झाले. इनामांची चौकशी 1843 मध्ये सुरू झाली आणि 1852 च्या 11 व्या कायद्याने इनाम कमिशनला पूर्ण बळ मिळाले. सनद दाखवा, नाहीतर इनाम गमवा, असा तो काळ होता. वतनदारांकडून घेतलेले असंख्य कागद पुण्याच्या दप्तरात जमा झाले. इतिहासाच्या अभ्यासकांना त्यामुळे मोठा ठेवा मिळाला. ज्या घरांतून ते गेले, त्यांच्या हातून मात्र हक्काचा पुरावाच गेला. सरकार नोंदी गोळा करते तेव्हा ती कोणाच्या उपयोगासाठी करते, हा प्रश्न तेव्हापासून या प्रांतात जिवंत आहे.

मोजणीने दुसरा बदल घडवला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 मध्ये शेजारच्या इंदापूर तालुक्यात जमाबंदीची नवी पद्धत बसवली. पुढे ती सोलापूरकडच्या तालुक्यांत आली आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. 33 फुटी साखळीने शेत मोजायचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. मोजणीदार शेताचे टिपण काढी, हद्दीवर दगड रोवी आणि शेताला नंबर देई. जमिनीची ओळख आता माणसाच्या आठवणीवरून नंबरावर आली. 'वडाखालचे शेत' असे सांगायला गावकरी लागतो. सर्व्हे नंबर मात्र मुंबईत बसलेल्या माणसालाही समजतो.

तरी हक्काची नोंद यात नव्हती. सारा कोण भरतो एवढेच सरकारला हवे होते. खरेदी, गहाण, वाटणी हे व्यवहार सावकाराच्या वहीत आणि खतात राहत. 1875 च्या दख्खनच्या दंग्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांकडचे रोखे आणि खते हिसकावून जाळली. मोडी अक्षरातला तो एक कागद शेत गिळू शकतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. त्यानंतर आलेला 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याची आठवण कर्जमुक्तीच्या संदर्भात काढली जाते. पण त्यातली हिशेबाची कलमे आजच्या विषयाच्या अधिक जवळची आहेत. शेतकऱ्याने करून द्यायचे रोखे ग्रामनिबंधकासमोर लिहिले गेले पाहिजेत, पैसे पोचल्याची लेखी पावती मिळाली पाहिजे, मागणी केल्यास सावकाराने वर्षाचा हिशेब लिहून दिला पाहिजे आणि पासबुकात उतरवला पाहिजे, असे ती सांगत. कसूर झाल्यास दंड होता. दुसऱ्याच्या वहीत आपल्याविषयी काय लिहिले आहे ते पाहण्याचा हक्क सोलापूरच्या कुणब्याला कायद्याने तेव्हा दिला. व्यवहारात तो किती जणांना बजावता आला हा वेगळा प्रश्न, पण तत्त्व मोलाचे होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

हक्कनोंदीचा कायदा 1903 मध्ये आला आणि 1913 मध्ये तो जमीन महसूल संहितेत सामावला गेला. आजचा सातबारा ही त्याचीच देणगी. गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, 12 म्हणजे पिकांची नोंद, 8अ म्हणजे खाते आणि 6 म्हणजे फेरफार. फेरफाराची नोंद धरली की नोटीस चावडीवर लागते, हरकतीला मुदत मिळते आणि मगच मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. गुपचूप नोंद होऊ नये म्हणून सगळे गावासमोर करण्याची ही रीत आहे. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतन संपले आणि दप्तर कायमचे तलाठ्याकडे आले. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 327 ने नकाशे आणि अभिलेख लोकांच्या पाहणीसाठी खुले असल्याचे स्पष्ट केले.

सोलापूर जिल्ह्यात मात्र सगळी दप्तरे एका साच्यातली नव्हती. अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान होते, मंगळवेढे सांगली संस्थानात होते आणि बार्शीला लागून निजामाचा मुलूख होता. 1948 मध्ये संस्थाने विलीन झाली तेव्हा त्यांचे कागदही जिल्ह्यात आले. आजही अशा गावचा जुना हक्क शोधणाऱ्याला मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो.

शहराची गोष्ट आणखी वेगळी. सोलापूरची नगरपालिका 1852 ची, म्हणजे देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. 1964 मध्ये तिची महानगरपालिका झाली. गिरण्या आल्या, पद्मशाली विणकरांची वस्ती पूर्व भागात वाढली आणि पेठांतल्या घरांचे व्यवहार दाट झाले. घरपट्टीचे आकारणी पुस्तक, नगर भूमापनाची मिळकत पत्रिका आणि निबंधकाचे दस्त अशा तीन ठिकाणी एकाच घराची माहिती राहू लागली. यातले आकारणी पुस्तक आपल्या घरापुरते पाहायला मालकाला आणि भोगवटादाराला फी नाही, इतरांना ती भरावी लागते. एवढ्याशा फरकातही मालकाचा अधिकार आणि त्रयस्थाचे कुतूहल वेगळे मानले आहे.

सातबाऱ्यावर जमिनीखेरीज काय काय दिसते ते एकदा नीट पाहावे. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो. वारसांत विधवा, मुली, सावत्र भाऊ यांची नावे असतात. बाप लवकर गेलेल्या मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता असा शेरा येतो. मूल मोठे होऊन नातवंडे झाली तरी तो शेरा तसाच राहिल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. एका उताऱ्यावर घराचे कर्ज, मृत्यू आणि नाती उघडी पडतात. तरीही शंभर वर्षे त्यातून फारसे नुकसान झाले नाही. याचे श्रेय कायद्यापेक्षा अडचणीला जाते. उतारा हवा तर तलाठी सज्जावर जायचे, फी भरायची, नंबर सांगायचा, वेळ द्यायचा. दस्ताचा शोध घ्यायचा तर सूची क्रमांक 2 ची वर्षावर्षाची पुस्तके चाळायची. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट देणाऱ्या वकिलाच्या बोटांना त्या पानांची धूळ लागे. ज्याला खरेच गरज होती तोच एवढी पायपीट करी. वही उघडी होती, पण उंबरठा उंच होता.

संगणकाने तो उंबरठा काढला. 2002 मध्ये नोंदणी कार्यालयांत 'सरिता' प्रणाली आली, पुढे 'आय-सरिता'. ई-फेरफार सुरू झाला. 2017 मध्ये संगणकीय सातबाऱ्यातल्या चुका शोधण्यासाठी राज्यभर चावडी वाचन घेण्यात आले, तेव्हा जुनी रीत आणि नवे यंत्र काही दिवस एकत्र नांदले. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. जुळे सोलापुरातला भूखंड घेणारा आता घरबसल्या नोंदी तपासतो, ही मोठीच सोय आहे. हेलपाटे वाचले आणि मध्यस्थाचा हात ओला करणेही टळले. पण जे एकाला सहज मिळते ते यंत्राला हजारोंच्या संख्येने मिळते. 2018 मध्ये तेलंगणात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून घेऊन, त्यांवरच्या अंगठ्याच्या ठशांवरून नकली ठसे बनवल्याचा प्रकार उघड झाला. निशाणीच्या जागी अंगठा आला तेव्हा त्यात पुराव्याची ताकद होती. तोच अंगठा पुढे मोबाइलच्या सिमकार्डाची आणि बँकेच्या खात्याची किल्ली झाला आणि उघड्या वहीत पडून राहिला.

मिळकतीचा धंदा करणाऱ्यांकडे तर याहून जास्त कागद असतात. बिल्डर, एजंट, वकील, दस्तलेखक, मुद्रांक विक्रेते यांच्याकडे आधार, पॅन, पगारपत्रक, बँकेचे विवरण आणि घरच्या वाटणीचा मसुदा येतो. हे कागद आता बहुतेक वेळा मोबाइलवरच येतात आणि तिथेच राहतात. कुंभारीजवळच्या घरकुलांचा आवाका पाहिला की प्रमाण कळते. विडी कामगारांसाठी तिथे गोदुताई परुळेकर वसाहतीची दहा हजारांवर घरे 2006 मध्ये दिली गेली. नंतरच्या रे नगरच्या 30,000 घरांपैकी 15,000 घरांचे हस्तांतरण 19 जानेवारी 2024 रोजी झाले. इतक्या कष्टकरी कुटुंबांचे ओळखपत्र आणि बँक खाते ज्या फायलींत जाते, त्या फायली दागिन्यांसारख्या सांभाळायला हव्यात.

कायदा इथपर्यंत टप्प्याटप्प्याने आला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 43अ आणि 2011 चे नियम एकट्या मालकाच्या धंद्यालाही लागू होतात, हे अनेक एजंटांच्या गावीही नव्हते. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात.

या कायद्याने जुनी रेघ पुसलेली नाही. एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जी माहिती लोकांसमोर ठेवली गेली आहे, तिला कलम 3 ने वगळले आहे. म्हणून खुला सातबारा खुलाच राहतो आणि पुस्तक क्रमांक 1 ही. कायद्याचा हात पोचतो तो एजंटाच्या कपाटापर्यंत आणि फोनपर्यंत. ज्या कामासाठी कागद घेतला त्याच कामासाठी तो वापरायचा, काम संपल्यावर आणि दुसऱ्या कायद्याची गरज नसेल तेव्हा पुसायचा. फुटला तर संबंधित माणसाला आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला कळवायचे आणि सविस्तर माहिती मंडळाला 72 तासांत द्यायची. सुरक्षिततेत कसूर झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. दुसऱ्या कायद्याची गरज कशी येते याचे उदाहरणही याच धंद्यात आहे. डिसेंबर 2020 पासून, वर्षाला 20 लाख किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या एजंटाला काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याने ग्राहकाच्या नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. काय ठेवायचे आणि काय पुसायचे, हे त्यामुळे प्रत्येक कागदागणिक ठरवावे लागेल. एकच सरसकट नियम इथे चालणार नाही.

एक बदल खटकणारा आहे. याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मधला मजकूर आखडला आणि वैयक्तिक माहिती नाकारणे सोपे केले. जमिनीच्या व्यवहारातला घोटाळा शोधणाऱ्याला त्यामुळे अडचण येऊ शकते. सार्वजनिक हिताचे कलम 8(2) शिल्लक आहे आणि त्याचाच आधार घ्यावा लागेल.

या कायद्यातली सोलापूरला सर्वांत जवळची तरतूद मात्र भाषेची आहे. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायला मिळाली पाहिजे. सोलापूरच्या पेठांत बोलल्या जाणाऱ्या मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा त्या यादीत आहेत. घर घेणाऱ्या विणकराने किंवा विडी कामगार बाईने सही करण्याआधी 'हे मला तेलुगूत द्या' म्हटले, तर मे 2027 नंतर ते देणे समोरच्याला बंधनकारक असेल.