पांढऱ्या सोन्याचें हीण

सोनें पिवळेंच असावयाचें, ही समजूत आपल्या मनांत इतकी रुजली आहे कीं, 'पांढरें सोनें' म्हणतांच ऐकणारास सोनाराच्या सचोटीविषयीं शंका यावी. वस्तुतः शंका घ्यावयाची ती त्यांतील हिणाविषयीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोप-अमेरिकेंत हिऱ्यास प्लॅटिनमचें कोंदण लोकप्रिय झालें होतें. हा धातु मुख्यतः रशियांतील उरल पर्वतांतून येई. पहिलें महायुद्ध पेटलें आणि स्फोटकांस लागणारीं आम्लें तयार करण्यासाठीं त्याची निकड भासूं लागली. जवाहिऱ्यांस तो मिळेना. तेव्हां सोन्यासच पांढरें करण्याच्या खटपटीस जोर आला. न्यूयॉर्कच्या डेव्हिड बेलेस यांस १९२० सालीं ज्या मिश्रणाचें पेटंट मिळालें, त्यांत सोन्याच्या जोडीस निकेल व जस्त होतें. निकेल स्वस्त, आणि सोन्याचा पिवळेपणा घालविण्यांत मोठें तरबेज. असें सोनें हातोडीखालीं तडके, हा दोष कारागिरांनीं सोसला.

दुसरा दोष मात्र सोसावा लागला तो लेणाऱ्यांस. घामानें निकेलचा अंश सुटतो, त्वचेंत शिरतो, आणि एकदां शरीरानें त्याचा दावा धरला म्हणजे तो बहुधा जन्मभर टिकतो. नुकत्याच टोचलेल्या कानाची जखम तर त्यास उघडें द्वारच. आपल्याकडे 'हिला सोनें लाभत नाहीं' असें म्हणून आपण मोकळे होतों! निकेलचा मुलामा देणाऱ्या कामगारांच्या हातांवरील इसब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वैद्यांच्या नजरेस आला होता. तरीहि युरोपीय संघाचा निर्बंध निघावयास १९९४ साल उजाडलें! अंगास दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूंतून दर चौरस सेंटिमीटरमागें आठवड्यास ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटूं नये, असा तो नियम. धातूंत निकेल किती आहे यापेक्षां बाहेर किती येतें, हें मोजण्यांत मला मोठा शहाणपणा दिसतो.

निकेलऐवजीं पॅलेडियम घालतां येतें. वोलस्टन यांनीं १८०२ सालीं शोधलेल्या या धातूनें सोनें मऊ व घडविण्यास सोपें राहतें. परंतु तें वितळविण्यास अधिक उष्णता लागते, आणि किंमतीचा तर भरंवसाच नाहीं. २००१ च्या जानेवारींत तो औंसास एक हजार डॉलरांच्या वर गेला होता. म्हणून कित्येकांनीं निकेलच ठेवून वर ऱ्होडियमचा मुलामा चढविला. अंगठीवरचा मुलामा कालांतरानें झिजतो, आणि खालचें निकेल पुन्हां त्वचेस भिडतें.

दागिन्यावरील ७५० हा अंक हजार भागांत सोनें किती तें सांगतो. उरलेले अडीचशें भाग कशाचे, याविषयीं तो मुका आहे.