पडद्यावरची मोटार ओळखायची कशी?



जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने चित्रपटांतल्या महागड्या मोटारींवर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण वर्गात आम्ही शिकवलं ते हेच, की समोरची वस्तू 'अमुकच' आहे हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

न्यायदर्शनात गवयाचं उदाहरण आहे. गाईसारखा दिसतो तो गवय, एवढं ऐकून माणूस रानात जातो, तसा प्राणी दिसतो आणि 'हाच तो' असं त्याला कळतं. हे उपमान. जुन्या चित्रपटात लांबलचक गाडी आली की 'अरे, इंपाला!' असं आपण म्हणतो, तेही उपमानच. पण तेवढ्याने भागत नाही, पुढे अनुमान लागतं. धुरावरून अग्नी, तशी खुणेवरून मोटार.

आता ही खूण बघा. 1960 सालच्या शेव्हरलेमध्ये इंपालाला मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल दिवे होते. तिच्याच स्वस्त बहिणी बेल एअर आणि बिस्केन, त्यांना दोन-दोन. म्हणजे दिवे मोजले की कुठली बहीण ते कळलं. साल मात्र दिव्यांच्या संख्येवरून कळत नाही, कारण तीन गोल दिवे पुढच्या सालीही होते. त्यासाठी मागचे पंख बघायचे. 1959 च्या गाडीला आडवे पसरलेले पंख आणि त्याखाली थेंबासारखे लांबट दिवे. 1960 ला पंख आवरते झाले. 1961 ला जवळजवळ गेलेच. चित्रपट कृष्णधवल असला तरी या खुणा दिसतात. रंगाची गरज पडत नाही.

आणि नावाच्या पट्टीवर फार विसंबू नका. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा नावांच्या गाड्या जुळवल्या जात. त्यांतल्या काहींचा सांगाडा एकच. फरक मुख्यतः पुढच्या जाळीचा आणि नावाचा. रोल्स-रॉइसची गंमत तर उलटी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ती कंपनी फक्त चासी विकायची आणि वरचा साज दुसरे कारागीर चढवायचे. 'गोल्डफिंगर' (1964) मधली खलनायकाची गाडी नुसती 'रोल्स' म्हटल्याने ओळखली जात नाही. चासी 1937 ची फँटम थ्री आणि साज बार्करचा, अशी दोन नावं सांगावी लागतात.

कोणी म्हणेल, हा रिकामपणचा उद्योग आहे. पण इतिहासाला याचा उपयोग आहे. पडद्यावर 1959 ची गाडी दिसली, तर तो प्रसंग 1958 च्या अखेरीआधी चित्रित झालेला असू शकत नाही. अखेर म्हणतो, कारण अमेरिकेत पुढच्या सालचं मॉडेल आदल्या शरद ऋतूतच बाजारात यायचं.

दुसरा उपयोग मोठा. गाडी नक्की कळली की ती कोणाला घेता येत होती, हे कळतं. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर धोरण बदललं. इथेच सुटे भाग बनवा, नाहीतर थांबा. 1953-54 च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही जुळणी बंद केली. मग सामान्यांना उरली अॅम्बॅसॅडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. नवी परदेशी गाडी आणणं जवळपास अशक्य; वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या राज्य व्यापार महामंडळाकडून विकल्या जात, त्या घ्यायच्या. म्हणून साठच्या दशकातल्या नायकाच्या दारातली इंपाला पैशाइतकीच वशिल्याची आणि परवान्याची गोष्ट सांगते. 1993 मध्ये मोटार उद्योगावरचं परवान्याचं बंधन उठलं. 1995 पासून मर्सिडीज आपल्या पुण्यातच, टेल्कोच्या आवारात जुळू लागली. तेव्हापासून पडद्यावरची मर्सिडीज फक्त एवढंच सांगते, की मालकाकडे पैसा आहे. तो आला कुठून, ते ती सांगत नाही.

इथे आपण मुळशीत येतो. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' 2018 मध्ये आला. जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीत कसा ओढला जातो, याची ती गोष्ट. त्यातल्या गाड्यांचा पैसा कुठून आला, हे तुम्हाला समजवायला आम्ही कोण? हिंजवडी याच तालुक्यातली, लवासाही याच तालुक्यातलं. त्याआधी 1921 ते 1924 या काळात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसह मावळे इथेच लढले. तेव्हा जमीन पाण्याखाली गेली, वीज मुंबईला गेली. पुढच्या पिढ्यांत जमीन कागदावर गेली.

आज इथल्या कुठल्याही पोराला पडद्यावरची गाडी दाखवा. नुसते दिवे बघून तो मॉडेल सांगेल, साल सांगेल, वरचं मॉडेल की खालचं तेही सांगेल. ही नजर कमी लेखू नका, ते शुद्ध अनुमान आहे. त्याच पोराला विचारा, आजोबांची जमीन कुठल्या गटात होती, किती गुंठे होती, कुठल्या साली गेली, काय भावाने? बहुतेकदा उत्तर मिळतं, 'रस्त्याकडेची होती.' म्हणजे आपण 'लांबलचक गाडी' म्हणतो ना, तसंच झालं हे.

याचाही मागचा दिवा आहे, मंडळी. त्याला फेरफार म्हणतात. प्रत्येक व्यवहाराची नोंद, क्रमांक आणि तारीख तिथे असते; जुना सातबारा शेजारी ठेवला की जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते लागतं. आमची सूचना साधी आहे. गावातल्या चार-पाच पोरांनी एक वही करावी. एका बाजूला फेरफाराची तारीख आणि क्षेत्र, दुसऱ्या बाजूला त्या पैशातून काय घेतलं ते: घर, शिक्षण, लग्न, गाडी. गाडी असेल तर मॉडेलसकट लिहा, तिथे तुमचा हात कोणी धरणार नाही. दहा गावांच्या वह्या झाल्या तर तालुक्याचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास हातात येईल. असला इतिहास बाहेरून येऊन कोणी लिहू शकत नाही. कागद तुमच्या घरात आहेत आणि सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत.