गोलमेज परिषदेत सांगली कोणाची होती?

देशाचं धोरण ठरवायला वरची पन्नास-शंभर माणसं एकत्र बसतात, तेव्हा इथल्या बाजारात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाच्या वतीनं तिथे कोण बोलतो? आणि बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला असतो? हा प्रश्न हवेत सोडण्यापेक्षा आपण सांगलीच्याच एका प्रसंगावर तपासून पाहू.

12 नोव्हेंबर 1930 रोजी लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली. संस्थानांच्या वतीनं जी सोळा माणसं गेली, त्यांत बडोद्याचे सयाजीराव, बिकानेरचे महाराज यांच्याबरोबर सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन होते. म्हणजे सांगलीला तिथे खुर्ची होती. आता ती खुर्ची कोणाची? संस्थानातला विणकर, कुळ, शेतमजूर यांपैकी कोणी त्यांना पाठवलं नव्हतं. चिंतामणराव वाईट राज्यकर्ते होते असं आम्हाला मुळीच सुचवायचं नाही. पण चांगला मालक आणि प्रतिनिधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक तुमचं भलं करीलही. तुमच्या नावानं बोलला म्हणून तुम्ही त्याला जाब विचारू शकत नाही.

हे त्या काळच्या लोकांना कळत नव्हतं असं समजू नका. संस्थानी प्रजा परिषदेचं शिष्टमंडळ 1928 मध्येच विलायतेला गेलं होतं. प्रा. ग. र. अभ्यंकर त्यात होते. राजे आणि ब्रिटिश सरकार यांच्या संबंधांचा विचार करायला बटलर समिती नेमली होती. तिने राजांचं ऐकलं, प्रजेच्या या माणसांना भेटायचं नाकारलं.

मग ब्रिटिश मुलखातले कष्टकरी? त्यांच्या नावानं पहिल्या परिषदेत दोघे होते: ना. म. जोशी आणि बी. शिवराव. दोघेही व्हाइसरॉयनं बोलावलेले. नारायण मल्हार जोशी गोरेगावचे, पूर्वाश्रमीचे मास्तर, भारत सेवक समाजाचे सदस्य, 1920 च्या आयटकच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी गिरणीत साचा कधी चालवला नव्हता. म्हणून तेही बिनकामाचे, असं म्हणणारे आमच्या वर्गात दरवर्षी दोन-चार निघत! पण कागद काय सांगतात ते पाहा. मताधिकाराच्या उपसमितीनं लोकसंख्येच्या दहा ते पंचवीस टक्के लोकांना मत द्यावं असं सुचवलं. त्याला असहमती नोंदवून सर्व प्रौढांना मत द्या असं म्हणणाऱ्यांत जोशी, शिवराव आणि डॉ. आंबेडकर होते. नेमलेला माणूसही असा वागू शकतो. फरक इतकाच, की जोशी तसे वागले ते स्वतःच्या सदसद्विवेकानं. न वागते तर कामगारांच्या हाती कोणतंच साधन नव्हतं.

ज्यांच्याविषयी चर्चा चालू होती ती माणसं तेव्हा काय करत होती? 1930 सालीच बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला. सोलापूर तर गिरण्यांचं गाव. मे महिन्यात तिथे लष्करी कायदा लागला. आणि 12 जानेवारी 1931 ला, लंडनची परिषद अजून आठवडाभर चालायची होती तेव्हा, धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघा सोलापूरकरांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. तिकडे गणंग नव्हे, जाणती माणसं बसली होती. तरी त्या टेबलाची आणि या तुरुंगाची गाठ कुठेच पडत नाही.

परिषदांतून शेवटी 1935 चा कायदा निघाला. आकडे थोडे रूक्ष आहेत, पण ऐका. मध्यवर्ती कायदेमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात 375 जागा. त्यांतल्या 125 संस्थानांच्या, आणि त्यांवर माणूस नेमायचा राजानं. उरलेल्या 250 मध्ये कामगारांना 10, व्यापार-उद्योगाला 11, जमीनदारांना 7. हे संघराज्य प्रत्यक्षात आलंच नाही, हा भाग वेगळा. टेबलाभोवती जो बसला होता, त्यानं आपली खुर्ची पुढच्या घरातही मांडून घेतली.

दुसरी वाट आपल्याच शेजारी चालून पाहिली गेली. औंध संस्थान 72 गावांचं. आटपाडी, कुंडल त्यातच. 1939 मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता सोडणारी राज्यघटना दिली. गावानं पंच निवडायचे, गावचे अध्यक्ष मिळून तालुक्याची समिती, तिथून वर विधिमंडळ. आम्हाला या प्रयोगाचं कौतुक आहे, भाबडेपणा नाही. गावाच्या पारावर जमीनवाल्यासमोर बिनजमिनीचा माणूस किती बोलतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथे निदान त्याला आपला पंच रोज रस्त्यात भेटत होता.

डॉ. आंबेडकर मजूरमंत्री झाल्यावर ऑगस्ट 1942 मध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. कामगार इथे तिसरा पक्ष म्हणून, स्वतःच्या संघटनांमार्फत बसला. हीच पुढची भारतीय श्रम परिषद. तिचं 46 वं अधिवेशन जुलै 2015 मध्ये झालं. पुढचं अधिवेशन न भरवताच 2019 आणि 2020 मध्ये श्रमसंहिता संसदेत मंजूर झाल्या. केंद्रीय कामगार संघटनांची तक्रार नेमकी हीच आहे, आणि आमच्या मते ती रास्त आहे.

मात्र त्या परिषदेतही कामगारांच्या बाजूला बसतात त्या मान्यताप्राप्त मोठ्या संघटना. दर दिवाळीच्या सुमाराला बीडकडून आपल्या कारखान्यांवर येणारं ऊसतोडीचं जोडपं मुकादमाची उचल घेऊन आलेलं असतं. त्यांचा मालक कारखाना की मुकादम, यावरच वाद चालतो. त्रिपक्षीय टेबलाला जोडप्यासमोर मालक म्हणून कोणाला बसवायचं, हे आधी ठरवावं लागेल.