लँकाशरमधील कापूस-टंचाई

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कच्च्या मालाअभावी इंग्लंडच्या लँकाशर परगण्यातील कापडउद्योगावर ओढवलेले अरिष्ट. युद्धात नसलेल्या देशाच्या उद्योगासही नाविक नाकेबंदीची झळ कशी पोहोचते, याचे हे ठळक उदाहरण होय.

युद्धापूर्वी ब्रिटनच्या आयात कापसापैकी सु. तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील, गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या मळ्यांतून येई. १९ एप्रिल १८६१ रोजी अब्राहम लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. उत्तरेचे आरमार प्रारंभी तोकडे होते. परंतु कापूस अडविल्यास ब्रिटन आपल्या बाजूने हस्तक्षेप करील, या अपेक्षेने दक्षिणेतील मळेवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी स्वतःच निर्यात रोखली. हा अंदाज चुकला. आधीच्या दोन वर्षांतील अमाप उत्पादनामुळे ब्रिटनमध्ये कापसाचे साठे होते व तयार कापड भारत-चीनच्या बाजारांत पडून होते. त्यामुळे मंदी नाकेबंदीविनाही येणारच होती. टंचाईने भाव चढताच साठेवाल्यांना नफा झाला. लहान गिरण्या मात्र बंद पडल्या.

खरा भार कामगारांवर पडला. १८६२ च्या अखेरीस सु. ५ लाख लोक मदतीवर जगत होते. मार्च १८६३ मध्ये स्टेलिब्रिज येथे मदत रोख न देता चिठ्ठ्यांच्या रूपाने देण्यावरून दंगल झाली. त्याच वर्षी कायदा करून सार्वजनिक कामांसाठी नगरसंस्थांना कर्जे देण्यात आली. कामगारांचे मत एकमुखी नव्हते. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या सभेत कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकन यांना पाठिंबा दिला. लिंकन यांनी १९ जानेवारी १८६३ च्या उत्तरात त्यांच्या त्यागाचा गौरव केला.

अमेरिकन कापसाची जागा मुख्यतः भारतीय कापसाने घेतली. ‘सुरती’ नावाने ओळखला जाणारा हा कापूस आखूड धाग्याचा व कचरायुक्त असल्याने सूत वारंवार तुटे. परिणामी कामावर असलेल्यांची मजुरीही घटे. उलट मुंबईत पैशाचा पूर आला आणि सट्टेबाजीला ऊत आला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या मुख्य सैन्याने शरणागती पत्करताच भाव कोसळले. मुंबईतील अनेक कंपन्या बुडाल्या व बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बंद पडली. लँकाशर पुन्हा अमेरिकन कापसाकडे वळले. भाववाढीच्या भरवशावर कर्ज काढलेल्या भारतीय शेतकऱ्यांच्या डोक्यावर ते कर्ज मात्र तसेच राहिले.