वळू, बोकड आणि अंड्याचा बलक: वीर्यातील प्रथिने काय करतात?

शेळी दोन-तीनदा उलटली की आपल्याकडे दोष शेळीलाच लागतो. "हिला गाभच राहत नाही," म्हणत ती बाजारात जाते. बोकडाकडे कोणी बघत नाही. ज्यांच्या दारात शेळ्या आहेत, अशा वाचकांसाठी आम्ही आज नराच्या बाजूची माहिती देत आहोत.

वीर्य म्हणजे फक्त शुक्राणू नव्हेत. शुक्राणू ज्या द्रवात असतात, त्याला वीर्यद्रव म्हणतात. तो मुख्यतः नराच्या सहायक ग्रंथींमधून येतो. त्यात साखर, क्षार आणि अनेक प्रकारची प्रथिने असतात. हा द्रव शुक्राणूंना वाहून नेतोच, पण त्यातली प्रथिने त्यापुढचीही कामे करतात.

वळूच्या वीर्यद्रवातील साधारण निम्मी प्रथिने 'बीएसपी' नावाच्या गटातली असतात. वीर्य बाहेर पडताना ती शुक्राणूच्या आवरणाला चिकटतात. मादीच्या अंडवाहिनीत शुक्राणू काही काळ टिकून राहावेत, म्हणून ती मदत करतात. पुढे आवरणातले कोलेस्टेरॉल कमी करून शुक्राणूला फलनासाठी तयारही करतात. १९९३ साली अमेरिकेतल्या संशोधकांना असे दिसले, की जास्त गर्भधारणा देणाऱ्या वळूंमध्ये दोन प्रथिने जास्त असतात आणि कमी देणाऱ्यांमध्ये दुसरीच दोन जास्त असतात.

पण हीच प्रथिने वीर्य साठवताना त्रास देतात. शुक्राणू बराच वेळ त्यांच्या संपर्कात राहिले, की कोलेस्टेरॉल निघतच राहते आणि आवरण कमजोर होते. मग गोठवताना ते फाटते. म्हणून वळूच्या वीर्यात अंड्याचा बलक घातलेले द्रावण मिसळतात. बलकातले स्निग्ध कण बीएसपीला धरून ठेवतात, त्यामुळे शुक्राणू वाचतात. त्यानंतर ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवता येतात.

बोकडाचे मात्र उलटे आहे. त्याच्या काऊपर ग्रंथीतून एक विकर येते. ते बलकातल्या लेसिथिनचे तुकडे करते, आणि त्यातून तयार होणारा पदार्थ शुक्राणूंनाच मारक ठरतो. १९५७ साली ए. रॉय यांनी हे विकर दाखवून दिले. बलकाऐवजी दूध वापरले, तरी याच ग्रंथीतले एक प्रथिन दुधातल्या स्निग्धांशावर काम करून नुकसान करते.

यावर दोन उपाय केले जातात. एक तर वीर्य यंत्रात फिरवून, धुऊन, वीर्यद्रव काढून टाकायचा. नाहीतर द्रावणातला बलक अगदी कमी ठेवायचा. म्हणजे गायीची पद्धत जशीच्या तशी शेळीला लावून चालत नाही.

मग घरी काय करावे? प्रथिने मोजणे हे प्रयोगशाळेचे काम आहे. पण पैदाशीचा बोकड घेताना पशुवैद्यकाकडून त्याचे अंडकोष आणि वीर्य तपासून घेता येते. एकाच बोकडाकडच्या बऱ्याच शेळ्या उलटत असतील, तर आधी बोकड तपासा. कृत्रिम रेतन करून घेणार असाल, तर रेतमात्रा कुठे तयार झाली आणि नायट्रोजनच्या भांड्यातच ठेवली होती का, हे विचारायला लाजू नका.

शेळी विकण्याआधी एवढी चौकशी केली, तर कदाचित तिला विकावे लागणारच नाही.