कृपा (पौलाच्या पत्रांतील)

कृपा : ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत संकल्पना. मनुष्याची पात्रता न पाहता ईश्वराने ख्रिस्ताच्या द्वारे केलेले दान, असा तिचा आशय प्रेषित पौलाच्या पत्रांत आढळतो. नव्या करारात पौलाच्या नावावर तेरा पत्रे असून त्यांपैकी सात, म्हणजे रोमकरांस, करिंथकरांस (दोन), गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस (पहिले) व फिलेमोनास लिहिलेली, निर्विवादपणे त्याची मानली जातात. ही पत्रे म्हणजे शास्त्रकाराने निवांत बसून रचलेला सिद्धांतग्रंथ नव्हे. दूरच्या मंडळ्यांतील तंटे, शंका व गैरसमज निवारण्यासाठी, बहुधा लेखनिकाकरवी उतरवून घेऊन, हस्ते-परहस्ते रवाना केलेले ते खलिते आहेत. तंटा कोणता होता हे नजरेआड केले म्हणजे निवाड्याचा अर्थही निसटतो, आणि कृपेच्या बाबतीत नेमके हेच शतकानुशतके घडत आले आहे.

प्रस्तुत तंटा सुंतेचा होता. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या परराष्ट्रीयांनी यहुदी नियमशास्त्राप्रमाणे सुंता करून घ्यावी की नाही, हा प्रश्न इ. स. ५० च्या सुमारास यरुशलेम, अंत्युखिया आणि आशिया मायनरमधील गलतिया येथील मंडळ्यांना ग्रासून होता. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीस बसत असे. परंतु यरुशलेममधील पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे येताच तो मागे सरला व बर्णबाही त्याच्यामागे गेला, तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राची कानउघाडणी केली. मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो, हे सुप्रसिद्ध प्रतिपादन गलतीकरांस पत्रात या पंक्तिभेदाच्या हकिकतीला लागूनच येते, ही गोष्ट भाष्यकारांनी जितकी ध्यानात घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली दिसत नाही. पत्राचा सूरही प्रसंगाला साजेसा आहे : इतर पत्रांच्या आरंभी येणारे आभाराचे वचन येथे नाही, अभिवादन संपताच तक्रार सुरू होते, आणि अखेरीस पौल मोठमोठ्या अक्षरांत स्वहस्ते काही ओळी लिहितो.

कृपेसाठी पौल ‘खारिस’ हा जो ग्रीक शब्द वापरतो, तो त्याच्या वाचकांना धर्मग्रंथांतून नव्हे, नगरजीवनातून परिचित होता. नगरशेठाने हौद बांधावा, दुष्काळात धान्य पुरवावे, आणि नगरसभेने शिलालेख कोरून त्याचा गौरव करावा, अशी ही देवघेव होती; दात्याची मेहेरबानी व घेणाऱ्याची कृतज्ञता या दोहोंस तोच एक शब्द लागू पडे. दान पात्र व्यक्तीसच द्यावे, हा त्या व्यवहाराचा संकेत. करिंथ येथे ज्या गल्लियो नामक सुभेदारापुढे पौलाला उभे करण्यात आल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते, त्याचाच धाकटा भाऊ सेनेका याने उपकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ग्रहीता पारखून घेण्याविषयी त्यात विस्ताराने सांगितले. (डेल्फी येथील शिलालेखावरून गल्लियोचा अंमल इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो. पौलाच्या चरित्राचा कालक्रम मुख्यतः याच आधारावर उभा आहे.) अशा जगात अपात्रांस, किंबहुना शत्रूंस दिलेले दान ही विपरीत वार्ता होती. आपल्याकडील इनामाची सनद जशी बहुधा पूर्वजांच्या चाकरीचा दाखला देते, तसा कोणताही दाखला या दानामागे नाही, हे ठसविण्यासाठीच रोमकरांस पत्रात पौल मजुरी आणि कृपा यांची फारकत करतो व अब्राहामाची सुंता होण्यापूर्वीच त्याचा विश्वास जमेस धरला गेल्याचे दाखवून देतो.

यावरून यहुदी धर्म कृपाशून्य होता असे मानणे मात्र सर्वथा अन्यायाचे होय. कुमरान येथे सापडलेल्या यहुदी स्तोत्रांत ईश्वरी दयेवाचून मनुष्य माती आहे, हा भाव पुनःपुन्हा येतो. ई. पी. सँडर्स यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, यहुदी परंपरेत ईश्वरी निवड आधी व आज्ञापालन नंतर, असाच क्रम होता. कर्मठ यहुदी विरुद्ध कृपावादी पौल, हे चित्र पुष्कळ अंशी सोळाव्या शतकातील वादाची छाया आहे. त्याच्या कितीतरी आधी ऑगस्टीनने पेलाजियसशी झालेल्या वादात कृपेचा प्रश्न मानवी इच्छाशक्तीच्या दौर्बल्याशी जोडला. मार्टिन लूथरने तो पापभयाने व्याकूळ झालेल्या अंतःकरणाशी जोडला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये लूथरच्या मताविरुद्ध आपला निर्णय दिला. क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ च्या एका निबंधात हे आत्मपरीक्षक अंतःकरण पौलाचे नव्हे, पाश्चात्त्यांचे आहे, असे बजावले. तरीही ऑगस्टीन वा लूथर यांनी पौलाचा निव्वळ विपर्यास केला असे म्हणणे धाडसाचे होईल. अपात्रतेवरील त्यांचा भर पत्रांतूनच आलेला आहे.

कृपा फुकट, म्हणून तिच्यापाठोपाठ कोणतेही ऋण येत नाही, हा समज पौलाच्या हयातीतच पसरला असावा, कारण रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो त्याचे आवेशाने खंडन करतो. जॉन बार्क्ले यांनी २०१५ मध्ये येथे एक उपयुक्त भेद केला : पात्रता न पाहता दिलेले दान आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान ही दोन वेगळी आहेत, आणि पौलाचे दान पहिल्या प्रकारचे आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात यरुशलेममधील गरिबांसाठी चाललेल्या वर्गणीलाही पौल ‘खारिस’ हाच शब्द लावतो, आणि ती गोळा करण्याच्या कामी तो वर्षानुवर्षे खपला.